बर्लिनची भिंत आणि नाशिकचा विदित

आपल्या घरांतल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, आणि आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांचा खेळ आपल्या भागाला परका राहिला नाही, याचे बरेच श्रेय काकतीपासून फार लांब नसलेल्या सांगलीला. तिथे भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. या खेळात मराठी माणूस कुठवर पोहोचला, हे एका डावावरून पाहू.

डावाची सुरुवात जुनी आहे. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, काळाही तसेच करतो. मग दोघांचा एकेक घोडा बाहेर येतो आणि पांढऱ्याचा उंट काळ्या घोड्यावर रोखला जातो. ही स्पॅनिश पद्धत. १५६१ मध्ये ग्रंथ लिहिणारे धर्मगुरू रुय लोपेझ यांचे नाव तिला आहे. उत्तरादाखल काळ्याने दुसरा घोडा काढला की तो बर्लिन बचाव. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी त्याचा अभ्यास केला, म्हणून हे नाव.

२००० साली लंडनमध्ये क्रामनिकने जगज्जेत्या कास्पारोव्हसमोर हाच बचाव उभा केला. कास्पारोव्हला ती भिंत एकदाही फोडता आली नाही, आणि जगज्जेतेपद गेले. तेव्हापासून बर्लिन म्हणजे बरोबरीचे हमखास साधन, असा समज पक्का झाला.

५ एप्रिल २०२४ रोजी टोरांटोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी होती. नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या नाकामुराशी खेळत होता. नाकामुरा सलग ४७ डाव अपराजित होता. विदितने बर्लिनच निवडला; पण अकराव्या खेळीला किल्लेकोटातल्या राजापुढचे प्यादे मारून आपला उंट बळी दिला! चाल घरून तयार करून आणलेली होती. २९ खेळींत नाकामुराने हार मानली. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवले. स्पर्धा गुकेशने जिंकली, विदित सहावा आला. तरी हा डाव स्मरणात राहिला.

सीमाभागात आपण ‘टिकवणे’ हा शब्द फार वापरतो. भाषा टिकवायची, शाळा टिकवायची, उत्सव टिकवायचा. टिकणे गरजेचेच आहे. पण तयारी असेल तर त्याच भिंतीआडून चढाईही करता येते. पटावर बसणाऱ्या आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे.