तळटीप ७ : मावची

७. मावची : नवापूर तालुका व लगतच्या गुजरातेतील मावची समाजाची बोली, भिल्ली भाषासमूहात मोडते. धड्यात मुलांना ज्यांची गोष्ट सांगितली आहे ते ‘साहेब’ स्वीडिश अलायन्स मिशनचे. हे मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, भिल्लांमध्ये काम करीत होते (नंदुरबार हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ पासून). नवख्या मिशनरीला दोन भाषा लागत. शाळेसाठी आणि कचेरीसाठी मराठी; पाड्यावर गेले की मावची, वसावी, देहवाली नाहीतर पावरी. मराठीची पुस्तके हाताशी होती: विल्यम कॅरीचे व्याकरण १८०५चे, मोल्सवर्थचा कोश १८३१चा. कॅरीला मदत करणारे वैद्यनाथ पंडित निदान नावाने तरी ठाऊक आहेत. मावचीचे तसे नव्हते. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (भाग ३, १९०७) तिचे वर्णन व नमुने आहेत, पण तेवढ्यावर बोलता येत नाही. ‘पाणी आण’, ‘कुठे दुखते’ अशी रोजची वाक्ये पाड्यावरच्या माणसांच्या तोंडून ऐकून, पुन्हा पुन्हा म्हणून, वहीत उतरवूनच बोली आत्मसात करावी लागे. म्हणजे शिकवणारे गावकरीच. धड्यात साहेबांची चिकाटी येते, या गुरूंचा उल्लेख राहून गेला आहे, आणि मुलांना गोष्ट सांगताना तो आवर्जून करावा. मावचीला स्वतंत्र लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, गुजरातेत गुजराती लिपीत लिहितात.