खेचरवाल्याचे साडेआठ महिने

खेचराच्या डोळ्यांवर आधी चामड्याची पट्टी बांधायची. दिसेनासं झालं की जनावर जागचं हलत नाही. मग पेंढा भरलेलं खोगीर, दोन्ही अंगांना सारख्या वजनाची ओझी, आणि शेवटी पोटाखालून घेतलेला दोर पाय रोवून आवळायचा. साल १८१०, गाव तिक्स्तला, दक्षिण मेक्सिकोचा डोंगरी मुलूख. दोराचं एक टोक तुमच्या हातात आहे आणि दुसरं विसेंते गेरेरोच्या.

वय अठ्ठावीस. सावळा रंग, दाट कुरळे केस. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा, इथल्या मूळ रहिवाशांचा आणि स्पॅनिशांचा असा तिहेरी वारसा त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. घरचा धंदा खेचरांच्या तांड्यांचा. आकापुल्को बंदरातून राजधानीकडे जाणारी वाट याच डोंगरांतून चढते. मनिलाच्या गलबतांतून आलेलं रेशीम, चिनी मातीची भांडी, हिंदुस्थानातलं सुती कापड या वाटेनेच वर जातं. पाणी कुठे मिळेल, चारा कुठल्या गावात, पावसाळ्यात कुठली नदी ओलांडता येते, हे सगळं विसेंतेला तोंडपाठ आहे. स्पेनच्या फौजेकडे तोफा आहेत, पण ही माहिती नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस तुम्ही त्याच्या मागोमाग, स्पेनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मोरेलोसच्या सैन्यात सामील होता. मोरेलोस पाद्री खरा, पण त्यानेही तरुणपणी खेचरं हाकलेली. १८१५च्या डिसेंबरात स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या आणि लढा जणू संपला. कुणी शरण गेले, कुणी माफी घेऊन घरी बसले. गेरेरो डोंगरात शिरला आणि गनिमी काव्याने लढत राहिला.

इथे जरा थांबा, कारण हा माणूस समजायचा तर हा प्रसंग पाहायलाच हवा. व्हाइसरॉयने माफीचा आणि बक्षिसीचा निरोप घेऊन कुणाला पाठवावं? गेरेरोच्याच म्हाताऱ्या बापाला. पेद्रो गेरेरो मुलापुढे हात जोडतो. भोवती सैनिक उभे आहेत, त्यांत तुम्हीही. परंपरा सांगते की विसेंतेने सोबत्यांकडे वळून म्हटलं: हे माझे वडील, त्यांचा मान मी नेहमीच राखला, पण माझा देश आधी. म्हातारा रिकाम्या हाताने परत जातो. त्या मुलाच्या काळजाचं काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १८२१मध्ये, ज्याने आजवर स्पेनच्या बाजूने आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या त्या इतुर्बिदेशी गेरेरोने हातमिळवणी केली. २४ फेब्रुवारीच्या इग्वालाच्या जाहीरनाम्यात युरोपीय, आफ्रिकी, इंडियन (म्हणजे इथले मूळ रहिवासी) असा भेद न करता सगळे नागरिक, असं कलम आलं. सप्टेंबरात स्वातंत्र्य मिळालं. वर्षभरात इतुर्बिदे सम्राट होऊन बसला, तेव्हा गेरेरो त्याच्याही विरुद्ध उठला आणि १८२३च्या जानेवारीत आल्मोलोंगाला छातीत गोळी खाऊन कसाबसा वाचला.

आता राजधानी. आणि इथे मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. १८२८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राज्यांच्या विधिमंडळांची मतं मोजली गेली तेव्हा प्रतिस्पर्धी गोमेस पेद्रासाला ११ आणि गेरेरोला ९ मिळाली. तो हरला होता. त्याच्या पाठीराख्यांनी बंड केलं, ४ डिसेंबरला जमावाने मुख्य चौकातला पारियान बाजार लुटला, आणि घाबरलेल्या काँग्रेसने निकाल फिरवला. १ एप्रिल १८२९ला गेरेरो राष्ट्राध्यक्ष झाला. ज्या दाराने तो आत आला, त्याच दाराने पुढे त्याला बाहेर काढण्यात आलं.

पण १५ सप्टेंबरला तुम्ही त्याच्या टेबलापाशी हवेत. जुलैत स्पेनने ताम्पिकोच्या किनाऱ्यावर फौज उतरवली होती. युद्धासाठी काँग्रेसने अध्यक्षाला विशेष अधिकार दिले होते. ती फौज चार दिवसांपूर्वीच शरण आली आहे. अधिकार मात्र अजून हातात आहेत. या अधिकारांचं करायचं काय? समोरचा कागद वाचा. प्रजासत्ताकात गुलामगिरी रद्द करण्यात येत आहे. आजवर गुलाम मानले गेलेले सगळे मुक्त आहेत. मालकांना भरपाई, तिजोरीला झेपेल तेव्हा. बस्स, इतकंच. दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनी, हे लोकांपुढे जाहीर होतं. ज्याच्या पूर्वजांना कुणीतरी विकत घेतलं होतं, त्याची सही त्या कागदाखाली आहे. टेक्सासमधल्या अमेरिकी वसाहतवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर डिसेंबरात त्यांना सूट मिळाली, आणि हे त्याच्या कारकिर्दीचं सर्वांत दुबळं पाऊल आहे.

४ डिसेंबरला खुद्द उपाध्यक्ष बुस्तामांतेने बंड पुकारलं. गेरेरो त्याच्याशी लढायला बाहेर पडताच मागे राजधानी फिरली. अध्यक्ष होऊन साडेआठ महिने झाले होते. पुढे काँग्रेसने ठराव केला की गेरेरो राज्य चालवण्यास असमर्थ आहे. स्पेनला दहा वर्षं झुंजवणारा असमर्थ! उच्चभ्रू दिवाणखान्यांत त्याच्या रंगाची आणि बोलण्याची टिंगल चालत होती, त्याच मंडळींना हे कारण सोयीचं वाटलं.

तो पुन्हा डोंगरात गेला. तिथे त्याला पकडणं जमेना, म्हणून सौदा झाला. १८३१चा जानेवारी, आकापुल्को. जिनोआचा कप्तान पिकालुगा त्याला ‘कोलोम्बो’ जहाजावर जेवायला बोलावतो. तुम्हाला ठाऊक आहे की नव्या सरकारच्या युद्धमंत्र्याने या जेवणासाठी ५०,००० पेसो मोजले आहेत. त्याला ठाऊक नाही. ओरडावंसं वाटतं ना? ताटं उचलली जातात, नांगर उचलला जातो, आणि पाहुण्याला कैदी करून वातुल्कोच्या किनाऱ्यावर सैनिकांच्या ताब्यात देतात. तिथून वाहाका, घाईघाईचा लष्करी खटला, आणि १४ फेब्रुवारीला क्विलापमच्या जुन्या मठापाशी गोळ्या. वय ४८.

निघण्याआधी आणखी सहा वर्षं पुढे चला. त्याला मारणारे त्याचा कायदा मारू शकले नाहीत. ५ एप्रिल १८३७ला मेक्सिकोच्या काँग्रेसने गुलामगिरीबंदी पुन्हा मंजूर केली, आणि या वेळी तीत कुणालाही सूट नव्हती.