सोनेगाव ते मिहान : प्रवासी रेडिओग्राहीतील विवर्धन-नियंत्रणाचा इतिहास

नागपूरच्या दक्षिणेस, सोनेगाव विमानतळाला लागून मिहान प्रकल्प पसरला आहे. त्याविषयीची चर्चा बहुधा भूसंपादन, रोजगार व मालवाहतूक यांभोवती फिरते. या परिसराचा रेडिओतंत्राशी असलेला जुना संबंध मात्र दुर्लक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात त्यातील एका मर्यादित प्रश्नाचा ऐतिहासिक विचार केला आहे : ग्राही यंत्र स्वतःच प्रवासात असताना त्याचे विवर्धन, म्हणजे अभियंत्यांच्या बोलीतील 'गेन', किती असावे आणि ते कोणी ठरवावे?

30 जानेवारी 1949 रोजी रात्रकालीन हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतीची वाट धरीत. देशाचा भौगोलिक मध्य म्हणून नागपूरचा गौरव पुष्कळ झाला. परंतु अंधारात हा मध्य शोधण्याचे काम प्रामुख्याने रेडिओवर अवलंबून होते.

विमान प्रक्षेपकाकडे येऊ लागले की संदेश झपाट्याने तीव्र होतो. अंतर 200 किलोमीटरवरून 2 किलोमीटरवर आल्यास, आदर्श स्थितीत, मिळणारी शक्ती दहा हजारपट म्हणजे 40 डेसिबलने वाढते. आवाजाची पातळी आपोआप स्थिर राखणारे स्वयंनियंत्रण अमेरिकन अभियंता हॅरोल्ड व्हीलर यांनी 1925-26 च्या सुमारास सिद्ध केले होते. घरी बसून गाणे ऐकणाऱ्यास ते वरदानच ठरले. वैमानिकाची गोष्ट निराळी होती. वलयाकार अँटेना फिरवून दिशा शोधताना संदेश जेथे लोपतो, ती जागा कानाने टिपावी लागे. नेमक्या त्याच जागी स्वयंनियंत्रण विवर्धन वाढवी, लोपबिंदू पुसट होई व दिशा संदिग्ध राही. म्हणून अशा वेळी ते बंद ठेवून विवर्धन हातानेच कमी-अधिक करण्याची पद्धत होती. रात्री मध्यम लहरी आयनांबरावरून परतून दिशाभ्रम निर्माण करीत. पावसाळ्यात विजांचा कडकडाट त्यात भर घाली. अशा स्थितीत अनुभवी रेडिओ अधिकाऱ्याचा कान हे दुय्यम साधन नव्हते. यंत्राच्या सोयीने संदेशातील माहितीच पुसली जाऊ शकते, हे त्या पिढीने व्यवहारातून ओळखले होते.

'सॉफ्टवेअर रेडिओ' ही संज्ञा 1990 च्या दशकारंभी जोसेफ मिटोला यांच्या लेखनाने रूढ झाली. 2012 पासून दूरदर्शन पाहण्यासाठी बनविलेले स्वस्त यूएसबी संच असे ग्राही म्हणून वापरात आले आणि जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. या संचांतील अंकीय रूपांतरक 8 बिटांचा असतो. तीव्रतेच्या केवळ 256 पायऱ्या, म्हणजे सुमारे 48 डेसिबलचा आवाका. विवर्धन कमी पडले तर क्षीण संदेश गोंगाटात बुडतो. ते अधिक झाले तर लहरींची शिखरे छाटली जातात, आणि एकदा छाटलेले नंतरच्या कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. रूपांतरणानंतर संगणकात चालणारे स्वयंनियंत्रण येथे निरुपयोगी आहे, ही साधी बाब अनेकदा ध्यानात घेतली जात नाही.

शिवाय हा ग्राही विस्तृत पट्टा एकदम घेतो. त्यामुळे विवर्धनाची मर्यादा हव्या असलेल्या संदेशाने नव्हे, तर पट्ट्यातील सर्वांत बलवान संदेशाने ठरते. वर्धा मार्गाने मिहानकडे जाणाऱ्या वाहनात 118 ते 137 मेगाहर्ट्झ हा विमानपट्टा ऐकला, तर शेजारच्या 88 ते 108 मेगाहर्ट्झमधील एफएम केंद्रेही ग्राहीच्या पहिल्याच विवर्धकाला जेरीस आणू शकतात. तेथे विवर्धन घटवण्यापेक्षा एफएम रोखणारी गाळणी बसविणे अधिक हिताचे. वाहनाच्या गतीने होणारी चढउतारही निराळी. 100 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 3 मीटर असते व परावर्तनांमुळे सुमारे दर दीड मीटरवर संदेश खचू शकतो. ताशी 60 किलोमीटर वेगात हे सेकंदाला अकरा वेळा घडते. स्वयंनियंत्रण याच गतीने धावू लागले तर विमानपट्ट्यातील आयाम-निरूपित बोलणेच विकृत होते.

यावरचा व्यवहार्य मार्ग रात्रटपालाच्या काळातील पद्धतीच्या बराच जवळचा आहे. मार्गावरील सर्वांत तीव्र ठिकाणी शिखरे छाटली जाणार नाहीत इतके विवर्धन आधीच ठरवून स्थिर ठेवायचे. तीव्रतेचे सर्वेक्षण करायचे असल्यास त्याचा आकडा प्रत्येक नोंदीसह लिहायचा आणि वाटेत तो बदलावा लागलाच, तर बदलाची जागा व वेळ त्याच ओळीत टिपायची.