स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

मागे एकदा आपल्या विहारात शाळकरी मुलांसाठी प्रश्नमंजुषा ठेवली होती. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, दीक्षाभूमी, पोरं पटापट उत्तरं देत होती. शेवटी मी विचारलं, "बाबासाहेब लोकांच्या मतांवर निवडून कधी आले? आणि कोणाला हरवून?" सगळे गप्प. मागे बसलेले पालकही गप्प. एक मुलगा म्हणाला, "काका, ते तर निवडणुकीत हरलेच होते ना?"

मुलाचा दोष नाही. १९५२ चा मुंबईतला पराभव आणि १९५४ चा भंडाऱ्याचा पराभव आपल्या घरांत इतक्या वेळा बोलला गेला आहे, की त्याआधीचा विजय मागेच पडला. घटना समितीवर बाबासाहेब गेले ते विधिमंडळाच्या सभासदांच्या मतांनी. राज्यसभेतही तसेच. सर्वसामान्य मतदाराने केंद्रावर जाऊन मत टाकलं आणि त्या मतांवर बाबासाहेब निवडून आले, असं एकदाच घडलं. ते साल १९३७. जागा मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची, मतदारसंघ भायखळा-परळचा. तेव्हा ते ना सरकारचे उमेदवार होते, ना काँग्रेसचे. सहा महिन्यांपूर्वी जन्मलेल्या एका तिसऱ्याच पक्षाचे होते.

ही निवडणूक समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागेल. त्याआधी दहा वर्षं बाबासाहेब मुंबई कौन्सिलचे सभासद होतेच, पण सरकारनियुक्त. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना बरेच अधिकार मिळाले, आणि मुंबईच्या कायदेमंडळाच्या १७५ जागांपैकी १५ जागा पुणे कराराप्रमाणे अस्पृश्य वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्यामुळे आता नेमणुकीवर नव्हे, मतांवर जायचं होतं.

पण राखीव जागा म्हणजे आपल्या मतांची जागा नव्हे. आजही अनेकांचा इथं घोटाळा होतो. पुणे करारात संयुक्त मतदारसंघ मान्य झाले होते. म्हणजे राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्य समाजाचा, पण त्याला निवडणार सगळे हिंदू मतदार. चारापेक्षा जास्त उमेदवार असले तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांची प्राथमिक निवडणूक होऊन चार जण निवडले जायचे, आणि मग त्या चारांतला एक अंतिम फेरीत सर्वांच्या मतांनी. समाजाने पहिल्या क्रमांकाने पुढे केलेला माणूस अंतिम फेरीत सवर्णांच्या मतांनी पडू शकत होता. ज्या माणसाला समाज नेता मानतो तोच पडला तर? बाबासाहेबांपुढे हा धोका अगदी उघड होता.

त्यातून मताचा हक्कही सगळ्यांना नव्हता. जमीनमहसूल, घरभाडं, शिक्षण अशा अटी होत्या. चाळीतल्या कित्येक माणसांचं नावच यादीत नसायचं. मात्र लष्करातून निवृत्त झालेल्या शिपायाला मत होतं, आणि आपल्या लोकांत पेन्शनर शिपाई कमी नव्हते, हे ध्यानात घ्यावं.

आता पक्षाविषयी. मे १९३६ मध्ये मुंबईत नायगावला महार परिषद झाली. धर्मांतराचा निर्धार तिथं पक्का झाला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा वर्षही उलटलेलं नव्हतं. देशभर गदारोळ चालू होता. अशा वेळी कोणालाही वाटलं असतं की बाबासाहेब आता केवळ अस्पृश्यांचा पक्ष काढतील. त्यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये पक्ष काढला आणि नाव ठेवलं स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नाही. जाहीरनाम्यात कुळांचं संरक्षण, खोती नष्ट करणं, शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका, धंदेशिक्षण, गिरणी कामगारांसाठी कायदे, जरूर तिथं उद्योग सरकारच्या हाती घेणं. आजचा वाचक जाहीरनामा वाचील तर त्याला तो साठ-सत्तर सालचा वाटेल. उमेदवार उभे केले १७. त्यांत सगळेच काही राखीव जागांवर नव्हते. रत्नागिरीकडून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर असे सवर्ण समाजातले कार्यकर्तेही पक्षाकडून उभे राहिले.

पक्षाजवळ पैसा नव्हता. 'जनता' साप्ताहिक होतं आणि पायी फिरणारे कार्यकर्ते होते. काँग्रेसजवळ गांधीजींचं नाव होतं, सत्याग्रहांची पुण्याई होती, व्यापाऱ्यांची मदत होती. वर बाबासाहेब स्वतः नोव्हेंबर १९३६ मध्ये युरोपला गेले ते जानेवारी १९३७ च्या मध्यावर परतले. मतदान होतं फेब्रुवारीत. म्हणजे प्रांतभर प्रचाराला उणापुरा महिना. आजकालचे उमेदवार ऐकतील तर हसतील.

भायखळा-परळ हा मात्र घरचा भाग. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांनी वीसेक वर्षं काढली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचं कार्यालय होतं. आजूबाजूला गिरण्या, बी.डी.डी. चाळी, कोकणातून आणि घाटावरून आलेली कामगार कुटुंबं. काँग्रेसला हे माहीत होतंच. म्हणून तिने उमेदवारही तसाच शोधला. इथं आपल्याला पालवणकर बाळू यांची ओळख करून घ्यावी लागेल.

बाळू चांभार समाजातले, जन्म १८७६ चा. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची देखभाल करायचे, आणि सरावाला साहेबांना चेंडू टाकायचे. डावखुरे फिरकी गोलंदाज. पुढं पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची गोलंदाजी हवी झाली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा. १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला, तिथं या माणसाने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. आपल्या वर्गातला एक माणूस केवळ गुणांवर इतका वर चढला याचा तरुण बाबासाहेबांना मोठा अभिमान होता.

दोघांचे रस्ते फुटले ते १९३२ च्या सुमारास. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, बाळूंचा कल एम. सी. राजा यांच्याप्रमाणे संयुक्त मतदारसंघाकडे होता. पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशीच बाळूंचीही आहे. धर्मांतराचा विचार बाळूंना पटला नाही. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्या विरुद्ध उभं केलं. वय साठीचं, शहरभर नाव, चांभार समाजात मान, आणि सवर्ण क्रिकेटशौकिनांतही चाहते. काँग्रेसने निवड हुशारीने केली, हे कबूल करायला हरकत नाही.

आपल्याकडे बाळूंचं नाव निघालं की "काँग्रेसने वापरलेला माणूस" एवढं बोलून लोक मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. काँग्रेसने त्यांना वापरलं हे खरं. पण ज्या माणसाने वेगळ्या भांड्यातला चहा पिऊन, त्याच लोकांसाठी सामने जिंकून, हळूहळू आत जाण्याची वाट काढली, त्याला तीच वाट खरी वाटली असेल तर नवल नाही. बाबासाहेबांनी ती वाट पुरती पारखली होती, म्हणूनच ती सोडली. दोघेही अपमान गिळून वर आलेले होते. राखीव जागेची खुबी अशी की एकच जागा आणि तिच्यासाठी आपलेच दोन मोठे आमनेसामने. मधे मतं मोजायला तिसरा.

मतांची रीतही सांगायला हवी. अशा मतदारसंघात एकाहून जास्त जागा असत. मतदाराला जितक्या जागा तितकी मतं मिळत, आणि मुंबई प्रांतात ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. बाबासाहेबांचा या पद्धतीसाठी आग्रह होता, कारण थोड्या लोकांनी एकजूट केली तर त्यांच्या मताला वजन येतं. सवर्ण मतदार आपली मतं दोघा-तिघांत वाटणार, आपला माणूस सगळीच्या सगळी एकालाच देणार. म्हणून कार्यकर्त्यांचं मुख्य काम भाषणाचं नव्हतंच. घरोघर जाऊन मत वाटू नका, एकालाच द्या, एवढं समजावायचं होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदाराकडून हे बरोबर करून घेणं सोपं नसतं. ज्याने कधी निवडणुकीत काम केलं आहे त्याला विचारा.

१७ फेब्रुवारी १९३७ ला मतदान झालं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. एकेका मतदाराच्या हातात एकाहून जास्त मतं होती हे लक्षात घेतलं, तर काही चाळी दुसरीकडे वळल्या असत्या तरी निकाल फिरला असता. बाबासाहेब स्वतःच्या बालेकिल्ल्यात किती थोडक्यात आले, हे आपण सांगायचं टाळतो. का टाळायचं? त्या दोन हजारांत गिरणीची पाळी सांभाळून रांगेत उभा राहिलेला माणूस आहे.

पक्षाचे १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. नाशिकचे भाऊराव गायकवाड, ज्यांना आपण दादासाहेब म्हणतो, पुण्याचे आर. आर. भोळे, नगरचे प्रभाकर रोहम. चित्रे आणि परुळेकरही आले. काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरली आणि जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. मूठभर आमदारांचा पक्ष विरोधी बाकांवर.

मूठभर असले तरी ते गप्प बसले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या खोतांपुढे कुणबी काय, आगरी काय, महार काय, सगळेच कुळं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्यात अस्पृश्यांपेक्षा इतर कुळंच पुष्कळ होती. पक्षाच्या नावात जात का नव्हती, ते त्या दिवशी रस्त्यावर दिसलं. महार वतनाचा प्रश्न मांडला. संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलहाचं विधेयक आलं तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांबरोबर संप केला. आणि त्याच आठवड्यात, १० नोव्हेंबरला, पक्षाच्या वतीने रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. १९३८ साली! सभागृहात तो पडला, हे सांगायला नकोच.

१९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि स्वतंत्र मजूर पक्षाचं काम संपलं. बाळू ४ जुलै १९५५ ला वारले. खोतीचं विधेयक १९३७ च्या सभागृहात मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतन त्याहून जास्त टिकलं. ते रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, तेव्हा बाबासाहेबांना जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती.