मेस्त्री आणि मास्तर

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत गुणवंतांची यादी दरवर्षी मोठ्या अभिमानाने छापली जाते. तीत अभियंते, डॉक्टर, वकील यांची नावे वाढत आहेत, हे पाहून कोणास आनंद होणार नाही? परंतु त्या यादीत औद्योगिक शाळेतील शिक्षकाचे नाव क्वचितच आढळते, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटते. ज्या सुतार-लोहार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रंधा, घण आणि कानस यांचे धडे दिले, त्यांस शिकविण्याचा अधिकार नव्या शाळेत का लाभला नाही, याचा थोडा इतिहास येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे' या शब्दावरून आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'मागिस्तेर' हे होय; त्याचा अर्थ प्रमुख, तसाच शिक्षक. इंग्रजीतील 'मास्टर' हाही त्याच मुळापासून निघाला आणि आपल्या तोंडी त्याचा 'मास्तर' झाला. म्हणजे मेस्त्री आणि मास्तर हे मुळात एकाच घरचे दोघे भाऊ! एकजण गोव्याच्या वाटेने आला आणि कारखान्यात शिरला. दुसरा इंग्रजांबरोबर आला आणि खुर्चीवर बसला. पुढे या भावांत वाटणी झाली ती मात्र सारखी झाली नाही.

वाटणीपूर्वी मेस्त्रीच मास्तर होता, याचे उत्तम उदाहरण आमच्या करवीर नगरीतच आहे. कृष्णराव मेस्त्री यांचे घर म्हणजे लाकूड, धातू, हस्तिदंत आणि रंग यांची शाळाच होती. त्यांचे चिरंजीव बाबूराव (जन्म ३ जून १८९०) यांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी चढल्याशिवाय वडिलांपाशी हात तयार केला. आतेभाऊ-मामेभाऊ असे आनंदराव आणि बाबूराव नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. त्यावरून 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत नाही, तेव्हा या मंडळींनी तो स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली अकाली निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम १९१८ च्या सुमारास तडीस नेले. तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला.

परंतु चित्रपटापेक्षाही त्या कंपनीतील शिकविण्याची रीत आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथे वर्ग नव्हता, तास नव्हता, पाठ्यपुस्तक तर नव्हतेच. जो मुलगा येई त्याला आधी पडेल ते काम करावे लागे. सामान वाहणे, लाकूड तासणे, रंग खलणे, फिल्म धुणे, वेळ पडल्यास तोंडाला रंग फासून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, हा सारा अभ्यासक्रमच होता. दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे त्याच शाळेतून बाहेर पडले. त्यांनी केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. ती कंपनी १९३३ साली पुण्यास गेली, तिचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला गौरविला गेला, आणि तिचा कारभार आटोपल्यावर त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उघडली. योगायोगाचा विनोद असा की, ज्यांच्या वास्तूत ही विद्या पदविकेच्या रूपाने मिळू लागली, त्यांच्यापैकी कोणापाशी त्या विद्येची पदविका नव्हती!

याच्या उलट वाटेने गेलेला एक पुरुष म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले; पण रंगांधत्वामुळे ती सोडून यांत्रिक रेखांकनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. अभियंत्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे होते ते यंत्र उघडून पाहण्याचे वेड होते. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावी सायकलींचे दुकान चालविले. तेथून नांगर, आणि नांगरातून १९१० साली किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा नांगरांसाठी त्यांस दिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. देशाला उद्योगपती मिळाला, हे भाग्यच; पण शाळेने एक शिक्षक गमावला, ही नोंद कोणी करीत नाही, म्हणून आम्ही ती करतो.

शाहू छत्रपतींनी १९१२ साली पांचाळ विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाची सोय करून दिली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१८ साली बलुतेदारीचे बंधन काढले. कारागिराचा मुलगा शाळेत गेला. मात्र शाळेत गेलेला मुलगा बहुधा कारकून झाला आणि जो कारखान्यात राहिला तो शाळेबाहेरच राहिला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाच्या उगमाशी आदराने घेतली जातात. उद्यमनगरातील भट्ट्यांपाशी आणि लेथपाशी किती पोरे तयार झाली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. तेथे तयार झालेल्या माणसाजवळ हात होता, दाखला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या प्रश्नाकडे लक्ष दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिल्पनिदेशक तयार करणारी संस्था बिलासपूरजवळ कोनी येथे १९४८ सालीच निघाली. १९५० साली कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, कातारी, संधाता हे व्यवसाय शिकविले जाऊ लागले. तेथील निदेशकासाठी नियमही ठरले: पदवीधरास एका वर्षाचा अनुभव, पदविकाधारकास दोन वर्षांचा, व्यवसायाचे प्रमाणपत्र असणारास तीन वर्षांचा, शिवाय अध्यापनाचे प्रशिक्षण. नियम वाईट नाही. पण त्यात पायरी पाहा. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही आणि तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याला त्या जिन्यावर पाय ठेवावयास पहिली पायरीच नाही.

येथे आपल्याच घरातील दोषही सांगितला पाहिजे. उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम शिक्षक होतो, हे आम्हांस मान्य नाही. आमच्या वाडवडिलांनी 'बघून शीक' एवढेच सांगितले. पोलादास पाणी कोणत्या रंगावर द्यावयाचे हे दाखविले, पण का, ते सांगितले नाही. कित्येकांनी मर्म मुलाखेरीज कोणास दिले नाही, आणि काहींनी तर मुलासही शेवटच्या आजारात दिले! चुकल्यावर पाठीत हातोडीचा दांडा बसे, चूक कोठे झाली हे मात्र गुलदस्तातच राही. त्यामुळे मेस्त्रीस शिकविण्याची कला शिकविली पाहिजे, या मताचे आम्ही आहोत. जर्मनीत हे फार नेटकेपणाने साधले आहे. तेथील कारागिरांची 'माइस्टर' परीक्षा चार भागांची असते: हाताचे काम, त्यामागील शास्त्र, धंद्याचा हिशेब व कायदा, आणि चौथा भाग उमेदवारास शिकवावे कसे याचा. हा 'माइस्टर'देखील आपल्या मेस्त्रीचाच भाऊ. अमेरिकेने १९१७ सालच्या स्मिथ-ह्यूज कायद्यान्वये व्यवसायशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा दिला. आपल्याकडे मात्र आधी पदवी आणि मग जमल्यास हात, हाच क्रम बराच काळ चालला.

अलीकडे वारे थोडे बदलले आहे. २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, आणि तीत स्थानिक उद्योगांशी सहकार्य अपेक्षिले. २०१५ पासून पूर्वी कमावलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. २०२२ साली तर आयोगाने पदवीची अट न घालता, पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या बळावर, उद्योगातील तज्ज्ञास प्राध्यापक म्हणून घेण्यास संमती दिली. वाचून आमच्या मनास क्षणभर गुदगुल्या झाल्या. परंतु तपशील पाहता असे दिसते की, अनुभव शक्यतो वरिष्ठ पदावरील हवा. अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात. आणि मुदत सर्व मिळून चार वर्षांची. वरिष्ठ पद म्हणजे काय? कंपनीचा व्यवस्थापक त्यात सहज बसेल. साचा घडविणारा आणि ओतकाम जमले की नाही हे नुसत्या नादावरून ओळखणारा आमचा मेस्त्री कोणत्या पदावर होता, असे निवडसमिती विचारील तेव्हा तो काय सांगणार? त्याच्या दुकानात वरिष्ठही तोच आणि कनिष्ठही तोच.

परीक्षा नको, असे आम्ही म्हणत नाही. ती कागदावर न घेता बाकावर घ्यावी, एवढेच मागणे आहे. उमेदवाराने एक सुटा भाग करून दाखवावा, मग तोच भाग एका अजाण मुलाकडून करून घ्यावा. पहिल्याने त्याचा हात कळेल, दुसऱ्याने त्याची जीभ. अशी कसोटी महाविद्यालयांस आजही घेता येईल.

तोवर समाजापुढे एक लहान सूचना ठेवतो. आपल्या शिक्षणनिधीतून ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात त्या पंचवीस वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठीच असाव्यात, असा प्रघात पडला आहे. त्यांपैकी एक तरी शिष्यवृत्ती वयाची अट न घालता अशा कारागिरासाठी राखावी, जो कौशल्याचे प्रमाणपत्र मिळवून निदेशकाच्या प्रशिक्षणास जाऊ इच्छितो. त्या काळात त्याचे दुकान बंद राहते आणि घरात चूल पेटवावयाची असते, हे लक्षात घेऊन ती रक्कम ठरवावी.