मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली आहे का? एमआर अँजिओग्राफीबद्दल माहिती

रक्तदाबाच्या तीन प्रकारच्या गोळ्या नियमित घेऊनही तुमचा रक्तदाब आटोक्यात येत नसेल, किंवा रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन बरेच वाढले असेल, तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या धमन्या तपासायला सांगू शकतात. धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते. मग मूत्रपिंडातून रेनिन जास्त स्रवते आणि रक्तदाब वाढतो. उतारवयात धमनीत साचलेली चरबी हे याचे मुख्य कारण असते. तरुण स्त्रियांमध्ये धमनीच्या भिंतीचे आजार, उदाहरणार्थ ताकायासू आजार, आढळतात.

तपासणी कशी होते?
बहुतेक वेळा आधी डॉपलर सोनोग्राफी करतात. त्यात नीट उलगडा झाला नाही तर एमआर अँजिओग्राफी उपयोगी पडते. यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. साधारण अर्धा तास स्थिर पडून राहावे लागते आणि मधूनमधून काही सेकंद श्वास रोखावा लागतो.

आधी काय सांगाल?
पेसमेकर, कानातील कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतील क्लिप, गरोदरपण किंवा बंद जागेची भीती असल्यास सांगा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्याच. मूत्रपिंडाचे कार्य खूप कमी असताना (ईजीएफआर ३० पेक्षा कमी) गॅडोलिनियमच्या काही जुन्या औषधांमुळे त्वचा व सांधे कडक होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. नव्या औषधांत हा धोका अत्यंत कमी आहे. गरज पडल्यास इंजेक्शनशिवायही ही तपासणी करता येते.

मर्यादा
मुख्य धमनीतील अरुंदपणा चांगला समजतो, पण बारीक फांद्यांमधला निसटू शकतो. कधी अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. धमनीत आधीच धातूचा स्टेंट असेल तर तेवढा भाग नीट दिसत नाही.

अरुंदपणा दिसला म्हणजे स्टेंट हवाच का?
नाही. चरबीमुळे धमनी अरुंद झालेल्या रुग्णांवरील २०१४ च्या ‘कोरल’ अभ्यासात, औषधांच्या जोडीला स्टेंट टाकूनही हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे गंभीर त्रास कमी झाले नाहीत. फुफ्फुसांत वारंवार अचानक पाणी होत असेल, तर मात्र धमनी उघडण्याचा विचार करतात. रिपोर्ट पाहून घाबरू नका आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.