सर्जनचा हात किती लांब गेला

ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगाव दाभाड्याला पोचली, तेव्हा गाव जळालेलं होतं आणि दाणावैरण कुठं मिळेना. बोरघाट चढून आलेल्या या फौजेला पुण्यात जाऊन रघुनाथरावाचा कारभार बसवायचा होता. वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, म्हणजे मावळातल्या लोकांचा ‘इष्टूर फाकडा’, आधीच पडला होता. दोन दिवस चुळबुळ करून फौजेनं रातोरात जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि ती मागं फिरली. पुढं वडगावला तिला नाक मुठीत धरून तह करावा लागला. या सगळ्यात सेनापतींची, तहाच्या कलमांची नोंद भरपूर सापडते. घाटातून तोफा ओढणारे बैल आणि ते हाकणारी माणसं मात्र कागदावर ‘बाजारबुणगे’ एवढीच उरतात.

अशा एका बैल हाकणाऱ्याचं नाव पंधरा वर्षांनी थेट लंडनच्या मासिकात छापून आलं, तेही त्याच्या नाकामुळं. त्याचं नाव कावसजी. टिपूविरुद्धच्या युद्धात तो इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात छाटून सोडून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. ही हकीकत ऑक्टोबर १७९४च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह आली. चित्र काढणारा जेम्स वेल्स तेव्हा पुण्यातच पेशव्यांच्या दरबारी मंडळींची चित्रं रंगवत होता. असलं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांची नावंही मासिकानं दिली. ज्यानं नाक बसवलं त्याचं नाव विचारावं असं मात्र कुणाला वाटलं नाही.

काम कसं केलं, ते मात्र तपशिलात लिहिलंय आणि ते आजही वाचण्यासारखं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर ठेवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. इथं मेणाचं काम संपलं. रेघेच्या आतलं कातडं सोडवायचं, पण दोन भुवयांमधली एक अरुंद पट्टी तोडायची नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळणार. खुंटाची कड ताजी करून बाजूनं खाच पाडायची, कपाळाचं कातडं अर्धं पिरगाळून खाली आणायचं आणि त्याची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड ठेवायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची.

या कामात दोन वेगळी कौशल्यं आहेत. कुठं कापायचं हे मेणाचा पत्रा सांगतो. ते मापता येतं, आखता येतं, दुसऱ्याला शिकवताही येतं. किती जाडीचं कातडं उचलायचं हे मात्र मेण सांगत नाही. फार पातळ सोललं तर कातडं काळं पडून झडणार. तो अंदाज पात्याला होणाऱ्या अडसरावरून बोटांनाच येतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानं ही पद्धत अभ्यासून १८१४ मध्ये स्वतः नाक बसवलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. छापील हकीकतीतून आखणी लंडनला पोचली. बोटांचा अंदाज मात्र त्याचा त्यालाच कमवावा लागला असणार.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षं सर्जनचा हात जखमेतच राहिला. भूल आली, जंतुनाशकं आली, रबरी हातमोजे आले, तरी गाठ कुठं आहे हे बोटं चाचपूनच सांगत. ही सलगता महाराष्ट्रात तुटली ती १९९० मध्ये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातली ही तशी पहिली शस्त्रक्रिया. पोटावर बोटाएवढी छिद्रं, आत कॅमेरा आणि लांब दांड्याची अवजारं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागला, पण सर्जनची पंचाईत झाली. पोटाच्या भिंतीतलं छिद्र हा टेकू झाला आणि वल्ह्यासारखं सगळं उलटं होऊन बसलं. मूठ डावीकडं नेली की टोक उजवीकडं जाणार. शिवाय छिद्रात बसवलेल्या नळीत दांडा घासतो, त्यामुळं बोटांना जो अडसर जाणवतो त्यातला ऊतीचा किती आणि नळीचा किती, हे सांगणं अवघड.

पुण्यानं ही विद्या लवकर आत्मसात केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या मोठ्या दुर्बीण शस्त्रक्रियेची डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी बसवलेली रीत २००७ मध्ये २४८ रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध झाली. वैद्यकीय नियतकालिकात तिचं नावच ‘पुणे टेक्निक’ असं आहे.

यंत्रमानवाची गोष्ट दुसऱ्या दिशेनं आली, मोटारींच्या कारखान्यातून. जनरल मोटर्सच्या पाठबळानं युनिमेशन कंपनीनं १९७८ मध्ये ‘पुमा’ नावाचा यंत्रहात बनवला, सुटे भाग जोडण्यासाठी. तिथून पुमा दवाखान्यात शिरला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढताना सुईची दिशा त्यानं धरली. सीटी स्कॅनवरून कोन ठरला, यंत्र त्या कोनात येऊन थांबलं. सुई आत सारली ती माणसानंच. पुण्याजवळच्या त्या अनामिक कारागिराच्या मेणाचं काम यंत्रानं घेतलं, बोटांचं काम माणसाकडं राहिलं. ही वाटणी फार शहाणपणाची होती असं आज म्हणावंसं वाटतं.

ती टिकली नाही. २००० साली अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रानं सर्जनला रुग्णापासून उठवून खोलीच्या कोपऱ्यात, कन्सोलवर, म्हणजे यंत्राचे हात चालवायच्या मेजावर नेऊन बसवलं. वल्ह्याचा उलटेपणा गेला, हाताचा कंप गाळला गेला, मनगटासारखी वळणारी टोकं आली, त्रिमितीय चित्र आलं. पण हाताला काहीच लागेना. टाका किती ओढला हे दोरा ताणलेला दिसतो की नाही, ऊती पांढरी पडते की नाही, यावरून डोळ्यांनी ओळखायचं. नवशिक्यांच्या हातून दोरे तुटत.

केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीचं ‘व्हर्सियस’ हे यंत्र माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं ते पुण्यात, २०१९ मध्ये, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात. डॉ. धनंजय केळकर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या ३० शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पित्ताशयं होती आणि गर्भाशयं. या यंत्राचे हात सुटे, प्रत्येकाचा गाडा वेगळा, हवा तिथं ढकलता येणारा. त्यामुळं सुरुवातीलाच पंचाईत अशी, की रुग्णाच्या पोटावरचं छिद्र नेमकं कुठं आहे हे हाताला माहीत नसतं. मग अवजार नळीत घालून माणूस तो हात थोडा इकडंतिकडं हलवतो. त्या हालचालीवरून यंत्र टेकूचा बिंदू ताडतं आणि पुढची सगळी हालचाल त्या बिंदूभोवती ठेवतं, म्हणजे पोटाची भिंत ताणली जात नाही. ही आखणी आता गणितानं सुटलेली आहे.

स्पर्शाचं तसं नाही. अवजाराचं टोक बारीक तारांनी ओढलं जातं. त्या तारा कप्प्यांवरून जातात, ताणतात, घासतात, म्हणून मागच्या मोटरला पडणाऱ्या ताणावरून टोकाशी काय घडलं ते नीट कळत नाही. संवेदक टोकाजवळच बसवावा तर तो काही मिलिमीटरांत मावला पाहिजे, रक्तात भिजला तरी चालला पाहिजे आणि प्रत्येक वापरानंतर १३४ अंशांपर्यंतच्या वाफेत टिकला पाहिजे. त्याहून मोठी अडचण वेळेची. डोळ्याला सेकंदाला तीस चित्रं पुरतात. कठीण वस्तूचा स्पर्श खरा वाटायला मात्र हाताकडं सेकंदाला सुमारे हजार वेळा खबर यावी लागते. ती उशिरा आली तर सर्जनचा हात आणि यंत्र एकमेकांना धक्के देत राहतात आणि टोक थरथरू लागतं. कंप घालवायला आणलेलं यंत्र स्वतःच कापायला लागलं तर काय उपयोग! बरीच वर्षं बहुतेक कंपन्यांनी हा प्रश्न बाजूला ठेवला तो यामुळंही.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या दा विंचीच्या पाचव्या पिढीत टोकाला पडणारा जोर हाताला जाणवून देणारी अवजारं आली. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ऊतीवरचा जोर ४३ टक्क्यांपर्यंत कमी झाला, असं कंपनी सांगते. ओढ आणि दाब यातून कळतो. गाठीचा खरखरीतपणा, उष्णता, नाडीचा ठोका हे त्यात येत नाही. मधल्या चोवीस वर्षांत शिकलेली सर्जनांची एक अख्खी पिढी डोळ्यांनीच स्पर्श करायला सरावली आहे, आणि तिच्यातले काही जण या नव्या सोयीकडं थोडं संशयानं पाहतात. यंत्र बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं. कन्सोलवर ही जाणीव कमीजास्त करता येते.